वाचकांचे प्रश्न : बास्केट समोर, माणसं मध्ये

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, की बागेत खांबांवर साखळ्या लटकवलेल्या लोखंडी टोपल्या बसवल्यात, त्या कशासाठी? ‘डिस्क गोल्फसाठी. टीवरून, म्हणजे फेकीच्या ठरलेल्या जागेवरून, डिस्क फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायची’ एवढं सांगून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यानंतर आलेली पत्रं बघता तेवढ्यावर भागणार नाही असं दिसतं. निम्मी पत्रं खेळणाऱ्यांची, उरलेली त्यांच्यावर वैतागलेल्यांची. म्हणून या वेळी सगळी पानं याच खेळाला.

बाई, मी आता कुठे खेळायला सुरुवात करणार आहे. ज्या मित्राबरोबर जाणार त्याच्या पाठीवरच्या पिशवीत वीसेक डिस्क असतात. तो म्हणतो, निदान एक लांब जाणारा ड्रायव्हर तरी घे. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात ते काय? मी कुठली घेऊ? — कोरी पाटी

पटर घ्या, म्हणजे बास्केटजवळून टाकायची डिस्क. एकच. फारच हौस असेल तर जोडीला एक मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची, आणि पुढचे काही महिने तिसऱ्या डिस्ककडे ढुंकूनही बघू नका.

चार आकडे म्हणजे ओळीने स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. यातला स्पीड भल्याभल्यांना फसवतो. 12 लिहिलंय म्हणजे डिस्क जोरात जाईल, असं नाही. ही डिस्क नीट उडायला तुमच्या हाताकडून किती वेग मागते, ते तो आकडा सांगतो. पटरचा स्पीड साधारण 2-3, मिडरेंजचा 4-5, त्यापुढे फेअरवे ड्रायव्हर आणि शेवटी 14 पर्यंत जाणारे लांब पल्ल्याचे ड्रायव्हर. ग्लाइड म्हणजे डिस्क हवेत किती तरंगते. टर्न म्हणजे वेगात असताना ती किती उजवीकडे कलते. हा आकडा बहुधा उणे असतो. फेड म्हणजे वेग ओसरल्यावर ती डावीकडे किती घसरते. हे डावं-उजवं उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यांचं. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

आता 12 स्पीडचा ड्रायव्हर नवख्याच्या हातात दिला, की काय होतं? त्याला हवा तो वेग मिळत नाही, त्यामुळे टर्नचा पत्ताच नसतो. उरतो फेड. डिस्क चाळीसेक मीटरवर डावीकडे कोलमडते आणि खेळणाऱ्याला वाटतं की जोर कमी पडला. मग तो आणखी जोर लावतो, तोल जातो, आणि डिस्क झाडीत. तीच व्यक्ती पटर अर्ध्या जोराने फेकते तेव्हा तो सरळ जातो आणि बऱ्याचदा ड्रायव्हरच्या पुढे पडतो. हे समजावून पटत नाही. मित्राचा ड्रायव्हर आणि तुमचा पटर एकाच टीवरून फेकून बघा.

वजनही बघा. नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही, म्हणून 21 सेंटिमीटरची डिस्क 174 ग्रॅमच्या आसपास थांबते. मिडरेंज घेतलीत तर ती दीडशे ते एकशे साठ ग्रॅमच्या घरातली चालेल. हलकी डिस्क कमी वेगात उडते. पटर मात्र जरा जड असला तरी हरकत नाही, वाऱ्यात कमी भरकटतो. प्लॅस्टिक साधं घ्या. महागडं चकचकीत प्लॅस्टिक झाडांवर आपटून टिकतं खरं, पण घामेजल्या हातातून निसटतं.

मी उजव्या हाताने बॅकहँड फेकतो. सगळ्या डिस्क आधी वर चढतात आणि मग डावीकडे वळून पडतात. व्हिडिओ बघून झाले, जिमही लावली. काय चुकतंय? — डावीकडे वाहवलेला

जिम सोडू नका, पण त्याचा इथे संबंध नाही.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. शेवटी डावीकडे वळणं हा डिस्कचा स्वभाव आहे, त्यात दोष नाही. उजव्या हाताची बॅकहँड डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. फिरती वस्तू ढकलली, की ती ढकलल्या दिशेला न कलता काटकोनात कलते. भोवरा कलला तरी लगेच आडवा न होता गोल डुलत राहतो, तो याचमुळे. डिस्क वेगात असते तेव्हा हवेचा वर उचलणारा जोर तिच्या मध्याच्या जरा मागे पडतो, नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबलं जातं आणि ती उजवीकडे कलते. वेग उतरला की तोच जोर मध्याच्या पुढे सरकतो, नाक वर उचललं जातं आणि डिस्क डावीकडे कलते. फिरकी उलटी केली, म्हणजे फोरहँड फेकलं, की हेच सगळं आरशातल्यासारखं.

दुसरी गोष्ट ‘आधी वर चढतात’ ही. खरं दुखणं ते. तुमच्या हातातून डिस्क नाक वर करून सुटते. मग ती पुढे जायचं सोडून वर चढते, वेग खर्ची पडतो आणि फेड वेळेआधीच सुरू होतो. खात्री करायची असेल तर डिस्क डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याच्या वर असताना मागून बघा. वरचा पृष्ठभाग, त्यावरचं छापील चित्र तुम्हाला दिसतंय? मग नाक वर आहे. नुसती कड दिसत असेल तर ठीक.

कारणं तीनच सापडतात. एक, हात मागे नेताना डिस्क खाली, कमरेकडे जाते आणि पुढे येताना खालून वर खेचली जाते. छातीच्या रेषेत सरळ मागे न्या आणि त्याच रेषेत पुढे आणा. दोन, सोडताना वजन मागच्या पायावर राहतं आणि धड मागे रेलतं. पुढचा पाय आधी टेकू द्या, छाती त्याच्यावर आली की मग हात सोडा. तीन, पकड. डिस्क तळव्यात आडवी धरली, की मनगट सरळ असलं तरी पुढची कड वर राहते. ती तळव्यात तिरपी बसवा, तर्जनीच्या मुळापासून तळव्याच्या खालच्या टोकाकडे. अंगठा वर, कडेच्या जरा आत, आणि दाब अंगठ्याचा. सोडताना मनगट किंचित खाली वळलेलं हवं. पहिल्यांदा ते फार अवघडल्यासारखं वाटतं. वाटू दे.

सराव मोकळ्या गवतावर, पटर घेऊन, वीस मीटरवरच्या एखाद्या खुणेकडे, अर्ध्या जोराने. डिस्क छातीच्या उंचीच्या वर जाता कामा नये. हे जमलं, की फेडशी भांडायचं सोडून द्या: बास्केटच्या जरा उजवीकडे नेम धरा, बाहेरची कड थोडी खाली ठेवा, आणि डिस्कला स्वतःच्या पायाने घरी येऊ द्या. खेळणारे या तिरक्या फेकीला हायझर म्हणतात. याच्याइतकी भरवशाची फेक दुसरी नाही.

मी खेळत नाही. रोज सकाळी फिरते. ही मंडळी आल्यापासून डोक्यावरून डिस्क जातात. परवा एक पायाशी येऊन पडली, वर ‘जरा बघून चालत जा’ म्हणून ऐकून घ्यावं लागलं. बाग यांची आहे का? — रोजची फिरणारी

नाही, बाग त्यांची नाही. आणि बघून चालायचं तुम्ही नाही, बघून फेकायचं त्यांनी. ही माझी खासगी नाराजी समजू नका. खेळाच्या नियमपुस्तकात शिष्टाचाराच्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की फेकीने कुणाला इजा होण्याची शक्यता असेल तर खेळाडूने फेकू नये. दोन्हीकडून ऐकून घेऊन मधला मार्ग काढावा, अशातला हा प्रश्नच नाही.

खेळणाऱ्यांनी हे जरा नीट वाचावं. लहानपणी समुद्रावर खेळायची ती मऊ चकती वेगळी. ड्रायव्हरची कड अरुंद, धारेला आलेली आणि कडक असते. ती कपाळावर बसली तर टाके पडतात. समोर कुणी चालत असेल, मूल सायकल घेऊन आलं असेल, तर थांबायचं. माणूस फेअरवेच्या, म्हणजे टी आणि बास्केटमधल्या पट्ट्याच्या, बाहेर पडेपर्यंत नव्हे, तुमची सगळ्यात वाईट फेक जिथवर पोहोचू शकते तिथून तो बाहेर जाईपर्यंत. होल म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा; तो वळणावरचा किंवा झाडांआडचा असेल तर एकाने पुढे जाऊन उभं राहावं आणि हात वर करून खूण द्यावी. डिस्क भरकटली तर त्याच क्षणी ‘फोर!’ म्हणून ओरडायचं. लाजून पुटपुटायचं नाही. पण ‘फोर’ म्हटलं म्हणजे माणसांच्या दिशेने फेकायचा परवाना मिळाला, असंही नाही. टीवर अर्धा मिनिट जास्त थांबल्याने कुणाचा स्कोअर बिघडल्याचं मी पाहिलेलं नाही.

तुम्हालाही दोन गोष्टी सांगते, तुमची चूक आहे म्हणून नव्हे, उपयोगी पडतील म्हणून. काँक्रीटचा किंवा रबराचा आयताकृती पट्टा आणि शेजारी नकाशाची पाटी दिसली, की ती टी. तिथून पाटीवरच्या बाणाच्या दिशेने फेकतात. फेकीची ती वाट ओलांडायची असेल तर टीच्या मागून जा, किंवा टीवरच्या माणसाशी नजरानजर करून हात दाखवा; शहाणा खेळाडू हातानेच ‘जा’ म्हणेल. आणि गवतात डिस्क पडलेली दिसली तर उचलून देऊ नका. पुढची फेक तिथूनच करायची असते. चांगुलपणाने उचललेल्या डिस्कवरून वाद झालेले आहेत.

बाई, माझी डिस्क साखळ्यांना लागली, खण्णकन आवाज आला आणि बाहेर पडली. दादा म्हणतो धरायची नाही. मी म्हणतो लागली म्हणजे झाली. कोण बरोबर? — सातवीतला

दादा बरोबर. डिस्क ट्रेमध्ये, म्हणजे खालच्या टोपलीत, किंवा साखळ्यांमध्ये जाऊन थांबली पाहिजे. बास्केटच्या डोक्यावर जाऊन बसली तरीसुद्धा होल पुरा होत नाही, ती उतरवून आणखी एक फेक.

तू जोरात फेकतोस ना? साखळ्यांचं काम डिस्कचा वेग मारणं. फार वेगात आली की ती साखळ्यांमधून आरपार जाते किंवा मधल्या खांबावर आपटून परत येते. जवळून फेकताना अशी फेक, की चुकली तरी बास्केटच्या मागे दोनतीन पावलांवरच पडेल. आणि तुझी डिस्क आत गेली की लगेच काढून घे. आत पडलेल्या डिस्कवर आपटून दादाची बाहेर आली, तर घरी पोहोचेपर्यंत ऐकावं लागेल.

आमच्या ह्यांचं एक आहे. बास्केटपासून पाचसहा पावलांवर आले, की डिस्क फेकता फेकता पुढे धावतात. मी म्हणते हे चालत नाही. ते म्हणतात, टीवर धावत येऊन फेकता येतं तर इथे का नाही? — स्कोअर लिहिणारी

‘ह्यांना’ हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा.

टीवर आणि लांबच्या फेकीला पळत येऊन फेकलं आणि नंतर पाय पुढे गेला तरी चालतं. बास्केटपासून 10 मीटरच्या आत मात्र नियम बदलतो. तिथे डिस्क सोडल्यावर आपल्या जागेच्या मागे तोल सावरून उभं राहिलंय असं दाखवावं लागतं, तेव्हाच पाऊल पुढे. न सावरता पुढे पडलं तर एका फेकीचा दंड. कारण साधं आहे: पाच मीटरवरून धावत एक पाऊल पुढे टाकायला मिळालं, तर पट, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायची फेक, उरलाच कुठे, ती डिस्क नेऊन ठेवणंच झालं.

जागा म्हणजे नेमकी कुठली, यावरही भांडणं होतात. पडलेल्या डिस्कच्या पुढे, बास्केटच्या बाजूला, तिला चिकटवून छोटी मार्कर डिस्क ठेवायची आणि मग मोठी उचलायची. मार्करच्या मागे 20 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब असा आयत मनात आखा. डिस्क सोडताना एक पाय त्या आयतात टेकलेला हवा, आणि मार्करच्या पुढे अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागलेला नको. मार्कर नसेल तर पडलेली डिस्कच तशीच ठेवून तिच्या मागून फेका. मध्ये झाड आलं तर एक पाय आयतात ठेवून दुसरा हवा तितका बाजूला टाका. बसून, गुडघ्यावर, कसंही फेका. मला खेळातला हा भाग सगळ्यात आवडतो. झुडपाखालून एका गुडघ्यावर बसून, हात जमिनीलगत ठेवून मारलेला पट आत गेला, की शंभर मीटरची फेक विसरायला होतं.

दोघंच मजेत खेळत असाल तर दंड लावायचा की नाही ते घरचं बघा. स्पर्धेत जायचं असेल तर सवय आत्ताच मोडा, नंतर मोडत नाही.

वारा समोरून असला तर जोर वाढवायचा ना? — वारकरी नव्हे, वाराकरी

उलट. समोरच्या वाऱ्यात डिस्कला हवा जास्त वेगाने लागते, म्हणजे तिला वाटतं आपण फार वेगात आहोत. ती उचलली जाते आणि उजवीकडे कलते. जोर वाढवला की आणखी. खालून, शांतपणे, जास्त फेडवाली डिस्क फेका. मागून वारा असेल तर उचल कमी मिळते, डिस्क लवकर खाली येते. जरा उंच फेका. आणि समोरच्या वाऱ्यात पट चुकला तर तो उडून लांब जातो, हे धरून चाला.

माझी नवी डिस्क तळ्यात गेली, दुसरी झाडावर अडकली. मित्रांनी दगड मारून पाडली, त्यात फांदी मोडली आणि बागेच्या राखणदाराने आम्हाला हाकललं. — रिकाम्या हाताचा

राखणदाराने बरोबर केलं.

आधी नियम. हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं. नाही सापडली तर एका फेकीचा दंड आणि जिथून फेकली होती तिथूनच पुन्हा. झाडावर अडकलेली दिसत असेल तर ती हरवलेली नाही. ती जिथे लटकलीय त्याच्या बरोबर खालून खेळायचं, आणि त्यासाठी ती खाली पाडायचीही गरज नाही. तळं ओबी, म्हणजे हद्दीबाहेरचं, जाहीर केलेलं असेल तर एक फेक दंड, आणि डिस्कने जिथे शेवटची हद्द ओलांडली तिथून हद्दीच्या आत एक मीटरपर्यंत येऊन पुढे.

आता डिस्कचं. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. गढूळ पाण्यात उतरू नका, तळाशी काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. झाडावरची डिस्क लांब काठीने हलकेच ढकलून निघाली तर ठीक, नाहीतर वाऱ्यावर सोडा. दगड नको, दुसरी डिस्क तर अजिबात नको. मग दोन अडकतात. आणि डिस्कच्या खालच्या बाजूला पक्क्या शाईने फोन नंबर लिहून ठेवा. दुसऱ्याची सापडली, तर तुम्हीही नंबरावर फोन करा. नव्या डिस्कने पाण्याजवळचा होल खेळायचा नाही, जुनी, खरचटलेली काढायची. हे नियमपुस्तकात नाही, पण सगळे पाळतात.

आम्ही तरुणपणी प्लॅस्टिकची चकती एकमेकांकडे फेकायचो. त्याला गोल्फ कुणी जोडलं? आणि बघण्यासारखं त्यात काय आहे? — आजोबा, वय 71

तुम्ही फेकत होता त्या चकतीचे दोन बाप. फ्रेड मॉरिसनने बनवलेली चकती 1957 मध्ये अमेरिकेतल्या व्हॅम-ओ कंपनीने बाजारात आणली आणि पुढे तिचं फ्रिस्बी असं नामकरण झालं. तिथेच काम करणाऱ्या एड हेड्रिकने तिच्या पाठीवर गोल उंचवट्यांच्या रेषा दिल्या, त्यामुळे ती डगमगायची थांबली. झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांवर नेम धरून लोक त्याआधीही खेळत होते. पण 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला कनाडा फ्लिंट्रिजच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये हेड्रिकने पहिला कायमचा कोर्स, म्हणजे या खेळाचं मैदान, मांडला. म्हणजे हा खेळ जन्मालाच आला सार्वजनिक बागेत. तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायचे, म्हणून त्याने साखळ्या आणि खाली टोपली असलेला खांब तयार केला. 1976 मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन उभी केली; तिचा सभासद क्रमांक 1 त्याचाच. 1983 मध्ये डेव्ह ड्युनिपेसने निमुळत्या कडेची डिस्क आणली, आणि आजच्या लांब फेकी तिथून सुरू झाल्या. हेड्रिक 2002 मध्ये गेला. त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. मला हे जरा जास्तच वाटतं, पण माणूस तसा होता.

बघण्यासारखं? 2021 ची जागतिक स्पर्धा, यूटामधलं ऑग्डेन. शेवटचा होल. पॉल मॅकबेथ एका फेकीने पुढे. जेम्स कॉनरॅड बास्केटपासून 247 फुटांवर, म्हणजे पंचाहत्तर मीटर. त्याने तिथून थेट डिस्क साखळ्यांत घातली, बरोबरी साधली आणि जादा होलवर विजेतेपद नेलं. ती चित्रफीत नातवंडांकडून लावून घ्या. आणि नुसती बघू नका. पटर घेऊन त्यांच्याबरोबर जा. या खेळात सत्तरीच्या खेळाडूंसाठीही वेगळे गट असतात.

आम्ही सहा जण एकत्र खेळतो. मागचे लोक कुरकुर करतात. — षटकार

त्यांची कुरकुर रास्त आहे. तिघातिघांचे दोन गट करा. जमत नसेल तर मागचा गट टीवर येऊन थांबला, की त्यांना पुढे जाऊ द्या. पहिल्या फेकीनंतर ज्याची डिस्क बास्केटपासून सगळ्यात लांब तो आधी फेकतो, आणि बाकीच्यांनी तोवर त्याच्या पुढे जायचं नाही. स्पीकर घरी ठेवा.

बागेच्या देखभाल समितीत मी आहे. कोर्स करावा अशी मागणी आली आहे. जागा मध्यम आहे, मुलांची घसरगुंडी आहे, फिरायची वाट आहे. 18 होल बसवावेत का? — नकाशा घेऊन बसलेला

नाही. नऊ. तेही आखूड, पन्नास-साठ मीटरचे, पटर आणि मिडरेंजने पुरे होतील असे. होल लांबवला की लोक ड्रायव्हर काढतात, आणि ड्रायव्हर कुठे जाईल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हेच नऊ होल दोनदा खेळले, की अठरा होतात.

वरच्या ‘डावीकडे वाहवलेल्या’ पत्राचा तुम्हाला इथे उपयोग आहे. बहुतेक लोक उजव्या हाताचे आणि बॅकहँड फेकणारे असतात, म्हणजे बहुतेक डिस्क शेवटी डावीकडे जातात, आणि नवख्यांच्या तर फारच. तेव्हा कुठल्याही होलच्या डाव्या अंगाला फिरायची वाट किंवा बाकं येऊ देऊ नका. तिथे उतार, झाडी, भिंत, काय असेल ते येऊ द्या. उजवी बाजूही अगदी मोकळी सोडू नका. वेगवान हाताची डिस्क तिकडेही कलते, आणि डावखुरे, फोरहँडवाले आहेतच. घसरगुंडीच्या दिशेने एकही टी नको, अंतर कितीही असो. बास्केटच्या मागे मोकळी जागा हवी, वाट नको. एका होलची बास्केट आणि दुसऱ्याची टी पाठीला पाठ लावून बसवू नका. जागा वाचते म्हणून हे सगळे करतात आणि मग टीवर उभ्या माणसाच्या मानेवर डिस्क येते.

कोवळी झाडं अडथळा म्हणून वापरू नका. डिस्क लागून लागून साल जाते. जाड खोडाची चालतील, आणि टीच्या अगदी समोर झाड असेल तर खोडाला संरक्षण बांधा. बास्केटभोवतीचं गवत सगळ्यात आधी मरतं, म्हणून प्रत्येक होलला बास्केटसाठी दोन जागा तयार ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

काँक्रीट ओतायची घाई करू नका. आधी हलवता येणाऱ्या बास्केट आणून ठेवा, टीच्या जागी नुसत्या खुणा करा, आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठे साचतं ते कळेल. त्याच दरम्यान सकाळी, शाळा सुटल्यावर आणि संध्याकाळी बागेत बसून माणसं कुठून कुठे जातात ते कागदावर रेघांनी काढा. नकाशातल्या वाटा नव्हे. लोकांनी गवतातून पाडलेल्या पायवाटा. त्या रेघा जिथे दाट येतील, तिथला होल खोडा, मग तो कितीही देखणा असो. नऊचे सात उरले तर सात ठेवा.